कोल्हापुरात राक्षसी भोपळा येईल का? जागा दोन गुंठे

ओतकामवाला

मंडळी, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे, राहायला कळंब्यात. घरामागं दोन गुंठे जागा पडून आहे. पडून म्हणजे मेथी-कोथिंबीर, चार वांगी आणि आईचा तोंडल्याचा मांडव. आमच्या शिफ्टमधल्या एकानं परवा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर इंग्लंडच्या त्या जुळ्या भावांचा भोपळा दाखवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक विक्रम झाला तो, १,२७८.८ किलो. आम्ही रोज टनावारी लोखंड ओततो, आम्हाला वजनाचं कौतुक नसतं. पण ते बघून सगळ्यांचे डबे तसेच राहिले. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय.

हजार किलोचं स्वप्न बघत नाही. पण दोघांनी मिळून उचलावा लागेल असा भोपळा आपल्याकडं येतो का? मावसभाऊ कॅनडात असतो, तो ‘अटलांटिक जायंट’चं बी पाकिटातनं पाठवतो म्हणतोय. मागवू का? जागा काळी नाही, मुरमाड आहे, वर जेमतेम फूटभर माती. पाणी बोअरचं. आणि लावायचं कधी? आई म्हणते उन्हाळ्यात, शेजारचे म्हणतात पावसाळ्यात.

वजन कसं करणार ते विचारू नका. शॉपमध्ये क्रेनला टांगायचा काटा आहे.

मिसळकट्टा

भावा, आधी हे सांग, खाणार कोण? आमच्यात अर्धा किलो भोपळा आणला तर दोन दिवस घारगे आणि तिसऱ्या दिवशी भांडण. पण क्रेनला भोपळा टांगलेला बघायचाय, त्यामुळं माझा पाठिंबा.

पाटाकडचा

आधी बियाचं. पाकिटातनं मागवू नका. परदेशातनं बियाणं आणायचं तर आयात परवाना लागतो आणि तिकडच्या सरकारी खात्याचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश आहे तसा. नातेवाइकानं प्रेमानं पाठवलेल्या चार बिया असल्या तरी नियम तोच. आणि नियम उगाच नाही. भोपळवर्गातले काही विषाणूजन्य रोग बियातनंच प्रवास करतात. तुमच्या हौसेपायी शेजारच्या काकडीवाल्याचा प्लॉट जायला नको.

आता मुद्द्याचं. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात ४०३ पौंडांचा भोपळा आला होता, म्हणजे १८३ किलो. तो विक्रम सत्तर वर्षं कुणाला हलला नाही. मग कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचे हॉवर्ड डिल यांनी निवड करत करत ‘अटलांटिक जायंट’ तयार केला आणि १९८१ ला ४९३.५ पौंडांपर्यंत, २२४ किलोपर्यंत गेले. त्यानंतर जे काही झालंय ते बहुतेक त्याच बियाच्या वंशात झालंय. खिलार बैलाची वंशावळ बघावी तशी ही माणसं बियाची बघतात. बियाला नावच असतं फळाचं वजन, लावणाऱ्याचं आडनाव आणि साल. आई कोण, बाप कोण, सगळं लिहून ठेवलेलं. तेव्हा ऑनलाइन शंभर रुपयांत दहा बिया म्हणून जे मिळतं, त्या पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका.

बी मिळालं तरी हवामान आडवं येतं. पानं दिवसा साखर तयार करतात, त्यातली काही झाड रात्री स्वतःच जाळतं. रात्र जितकी उबदार तितकं जास्त जळतं, फळात कमी जातं. एप्रिल-मेच्या आपल्या रात्री तुम्हाला माहीतच आहेत. त्यात दुपारचं ऊन पस्तिशीच्या पुढं गेलं की मादी कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात. जून ते सप्टेंबर ढग, चिखल आणि केवडा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग. उरला हिवाळा. रात्री छान थंड, पण दिवस अकरा-साडेअकरा तासांचा. अलास्कात पामरच्या जत्रेत २०१२ ला ६२.७१ किलोचा कोबी आला होता, तिथं जूनमध्ये दिवस एकोणीस तासांचा असतो. आपला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांचा. हे अंतर शेणखतानं भरून निघत नाही.

तरी लावायचाच असेल तर ऑक्टोबरच्या मध्याला, पाऊस पूर्ण गेल्यावर लावा. एका वेलीला अर्धा ते एक गुंठा मोकळा द्या. म्हणजे तुमच्याकडं दोन वेली, बास. तीस-चाळीस किलोचं फळ मिळालं तर पार्टी करा.

वडणग्याच्या काकी

पाटाकडच्या दादांचा हिशेब बरोबर आहे. पण मी म्हणतो, ज्याला इथली हवा सोसत नाही त्याच्यामागं कशाला लागायचं? ओतकामवाले, तुम्ही कोहळा लावा.

मी वडणग्याची. घरची भाजी घेऊन लक्ष्मीपुरीत बसतो. दरवर्षी एक आळं नुसतं मोठ्या कोहळ्यासाठी राखतो. ते विकायला नाही, माझ्या हौसेला. सासूबाई राखायच्या, म्हणून मीही राखतो. कोहळ्याला आपला पाऊस मानवतो. मुळात पाणी साचू दिलं नाही तर त्याला काही होत नाही. चांगला जमला तर वीस किलोच्या पुढं जातो, आणि तो एकट्यानं उचलून दाखवा. वीस किलोची गोणी वेगळी आणि वीस किलोचा गुळगुळीत गोल वेगळा, धरायला कुठं जागाच नसते.

वेळेचं सांगतो. रोहिणीत टोकायचा, म्हणजे २५ मेच्या पुढं मृग निघेपर्यंत. पक्का व्हायला चार महिने धरा. म्हणजे नवरात्राच्या सुमाराला हातात येतो. ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडीसाठी जी झोंबाझोंबी होते ती तुम्ही बघितलीच असेल. त्या आठवड्यात आख्ख्या कोल्हापुरात कोहळ्याकडं माणसं आदरानं बघतात. भोपळ्याला हा मान नाही.

आता तुमच्या मुरमाचं. घाबरू नका, मुरमाड जागेत पाणी थांबत नाही, पावसाळ्यात ते बरंच असतं. अडीच फूट लांब-रुंद, तितकाच खोल खड्डा घ्या. निघालेला मुरूम निम्मा टाकून द्या. राहिलेल्यात नदीकाठचा पोयटा नाहीतर तळ्याचा गाळ, म्हशीचं पूर्ण कुजलेलं शेण आणि दोन-तीन ओंजळी निंबोळी पेंड मिसळा. साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मिळाली तर घाला, पण हात घालून बघा. आतनं गरम लागली तर ती अजून कुजायची आहे, तशी घातली तर मूळ भाजतं. भरताना जमिनीबरोबर भरू नका, वर वीतभर उंचवटा ठेवा. मेमध्येच भरून ठेवा, वळवाच्या पावसानं बसू दे. मग तीन बिया टोका आणि चार पानांवर आल्या की जोमदार एक ठेवून दोन काढा. काढताना जीव तुटतो, तरी काढा.

कोवळ्या रोपाला तांबडे भुंगेरे येतात आणि पानाची चाळण करतात. सकाळी दंव असताना चुलीतली राख भुरभुरायची आणि हातानं वेचायचे. चार-पाच पानं मोठी झाली की मग ते फार काही करू शकत नाहीत.

वेल जमिनीवर एकाच दिशेला सोडा. मांडवावर नको, तिथं मोठं फळ देठातनं तुटतं. पुढं सरकत जाईल तसं प्रत्येक पेराजवळ दोन मुठी माती ओढून दाबत जा, तिथं नवीन मुळ्या फुटतात. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी हीच करत नाहीत. एका बुडख्याच्या मुळावर वीस किलोचं फळ पोसत नाही. बाजूचे फुटवे दोन ठेवा, बाकीचे खुडा. पहिल्या दोन-तीन मादी कळ्याही खुडा. वेल दहा-बारा फूट झाल्यावर जी मादी येईल ती धरा.

आणि मादी धरायची म्हणजे माश्यांच्या भरवशावर नाही. पावसात मधमाशी येतच नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी बघून ठेवायचं, कुठली कळी पिवळी पडून टोकाला सैल झालीय. ती उद्या उमलणार. तिच्यावर आणि दोन नर कळ्यांवर कागदाची पिशवी घालून ठेवायची. उजाडताना जायचं, सात-साडेसातच्या आत. नर फूल तोडून पाकळ्या सगळ्या मागं सोलून काढायच्या, नुसता मधला बोंडका ठेवायचा. बोटाला लावून बघा, पिवळं पीठ सुटलं पाहिजे. पीठ न सुटता चिकट लागलं तर ते भिजलंय, दुसरं घ्या. मादीच्या मधोमध तिघांनी डोकी जुळवल्यासारखे फुगीर भाग असतात, त्या तिन्हींवर हलक्या हातानं फिरवायचं. एक बाजू राहिली तर फळ त्या बाजूला चेपलेलं येतं. मग परत पिशवी घालून दोऱ्यानं बांधायची, दुसऱ्या दिवशी काढायची. फुलाखाली बोटाएवढा कोहळा असतो, सगळ्या अंगाला पांढरी लव. तीन-चार दिवसांत तो खाली वळून फुगायला लागला की जमलं. पिवळा पडला तर पुढची मादी.

जमलेलं एकच ठेवायचं. एकच. दुसरं कितीही गोंडस दिसलं तरी कोवळं असतानाच भाजीला काढा.

पुढं फळमाशी. कोवळ्या फळाला डंख मारते, आत अंडी घालते, वरनं नुसता डिंकाचा थेंब दिसतो आणि आठ दिवसांत आतनं लगदा. सापळा लावा, पण आत ठेवायची माशीला ओढणारी गोळी बघून घ्या. एका दुकानात मला आंब्याची गोळी दिली होती, मिथाइल युजेनॉलची. त्यानं आंब्या-पेरूची माशी येते. वेलवर्गाला क्यू-ल्यूर लागतो. सापळा तोच, आतली गोळी वेगळी. शिवाय फळ नारळाएवढं होईपर्यंत जुन्या साडीच्या तुकड्यात सैल बांधून ठेवा.

बूड टेकतं तिथं फळी, फळीवर वाळू, वाळूवर उसाचं पाचट. वाळू तुमच्याकडं फौंड्रीत ढिगानं असेल, पण ती नको, तिच्यात काय काय मिसळलेलं असतं. नदीची घ्या. फळ मोठं झाल्यावर कौतुकानं फिरवून बघायचं नाही, देठ पिरगळतो.

मिसळकट्टा

काकी, एवढं वाचून मलाच लावावासा वाटायला लागलाय, आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहतो.

एक ऐकलंय. परदेशात वेलीला भोक पाडून वात घालतात आणि वाटीतनं दूध पाजतात. खरं का? कोल्हापुरात दुधाला तोटा नाही.

पाटाकडचा

दूध पाजून काही होत नाही. साखरेचं पाणी, गुळाचं पाणी, तेही नाही. फळात जाणारी साखर पानात तयार होते, वातीनं चमचाभर ढकलून हिशेब हलत नाही. उलट वेलीला जखम होते, मुंग्या येतात, जखमेतनं बुरशी आत जाते. दूध तुम्ही प्या. पाजायचंच असेल तर पानांना ऊन पाजा, म्हणजे फळाच्या आसपासचं एकही पान तुटू देऊ नका.

कोहळ्याबद्दल काकींशी सहमत. एकच जोडतो. खत देताना ओतकामवाल्यांनी हात आवरावा. पाण्यात विरघळणारी खतं घ्या, त्यांची नावं म्हणजे नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे. सुरुवातीला एकोणीस-एकोणीस-एकोणीस, कळी दिसायला लागली की झिरो-बावन्न-चौतीस, फळ फुगायला लागलं की तेरा-झिरो-पंचेचाळीस आणि अधूनमधून कॅल्शियम नायट्रेट. हे दोन कधी एकत्र… म्हणजे कॅल्शियम आणि झिरो-बावन्न एका बादलीत कालवू नका, खाली चुना बसल्यासारखं बसतं आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात. दर आठवड्याला थोडं थोडं. एकदम मूठभर ओतलं की वेल नुसती पानावर जाते, मादीच धरत नाही.

माहेर_कोल्हापूर

काकी, तुमचं ‘लावतो, राखतो’ वाचून पुण्यात बसल्या बसल्या माहेरी आल्यासारखं वाटलं. मी गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये लांब दुधी लावलाय, ‘नरेंद्र शिवानी’ म्हणून जात आहे ना, माणसाच्या उंचीचा होतो तो. फुलं भरपूर, दुधी बोटाएवढा होतो आणि सुकून गळतो. सकाळी सहाला उठून परागीकरण करते, तरी तेच.

वडणग्याच्या काकी

ताई, सकाळी नाही, संध्याकाळी. दुध्याचं फूल पांढरं, ते दिवस मावळताना उमलतं. रात्रीचे पतंग त्याच्यावर येतात. सकाळी तुम्ही जाता तोवर ते मलूल झालेलं असतं. साडेसहा-सातला करा, तसंच नर फूल सोलून.

आणि गच्चीवर शेजारी कुणी शोभेचे कडू भोपळे लावले असतील तर तुमच्या दुध्याचं बी पुढच्या वर्षाला धरू नका. मिश्र बियातनं कडू दुधी निघतो. कडू लागला तर सोन्यासारखा दिसला तरी एक घोटही रस प्यायचा नाही, माणसं दवाखान्यात गेलीत त्यानं. कापल्यावर जिभेला टोक लावून बघायचं आणि मगच चिरायला घ्यायचा.

लांब पाहिजे तर पडवळही लावा. टोकाला दोऱ्यानं छोटा दगड बांधायचा म्हणजे सरळ लोंबतो, नाहीतर वेटोळं होऊन बसतो. दगड सुपारीएवढा पुरे, मोठा बांधला तर तुटतो.

ओतकामवाला

सगळ्यांचे आभार. कॅनडावाल्या भावाला नको म्हणून कळवलंय, त्याला आधी कळेचना, मग दाखल्याचं सांगितल्यावर गप्प बसला. ठरवलंय असं: मेमध्ये खड्डा, रोहिणीत कोहळा. ऑक्टोबरला त्याच जागेत लाल भोपळ्याची एक वेल, इथल्याच बियाची, नुसतं बघायला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, कोहळा घरात लावायचा नसतो. मग शेजारच्या आजी म्हणाल्या, घराच्या दारावर लावायचा असतो. दोघींचं चाललंय.

तीन शंका. पानावर पांढरी भुकटी आली तर काय? पावसाने उघडीप दिली तर पाणी किती? आणि तयार झाला हे कसं ओळखायचं, कारण आमच्यातला उत्साह बघता फळ वेळेच्या आधीच क्रेनवर जाईल.

पाटाकडचा

पांढरी भुकटी म्हणजे भुरी. ती पाऊस उघडल्यावर, दव पडायला लागलं की येते. पहिल्या दोन पानांवर दिसली की लगेच पाण्यात मिसळणारं गंधक फवारा, पण ऊन तापलेलं असताना नको, पानं करपतात. पिवळे कोनाकोनाचे डाग आणि पानामागं करडी बुरशी असेल तर तो केवडा, त्याला गंधक चालत नाही, त्याचं औषध वेगळं. दोन्हीत गल्लत करून लोक आठवडा घालवतात.

पाण्याचं म्हणाल तर जास्त-कमी यापेक्षा एकसारखं महत्त्वाचं. आठ दिवस कोरडं आणि मग बोअर सोडून भरपूर, असं केलं की साल ताणली जाऊन फळ तडकतं. फळ भरात असताना दोन दिवसाआड, मुळाभोवती पाचट अंथरून.

वडणग्याच्या काकी

तुमच्या आईंचं आणि आजींचं दोघींचं खरं आहे. कोहळा बाहेरच असू दे, खड्डा परसात घ्या आणि पिकलेला दाराला टांगा, मिटलं.

तयार झाल्याची खूण सोपी आहे. कोवळा असताना अंगाला लव असते, हातात घेतला तर बारीक कुसळासारखी टोचते. पक्का व्हायला लागला की लव गळते आणि वरनं पांढरी राख चढते. बोट ओढलं तर हिरवी रेघ उमटते. आमच्यातली पोरं त्याच्यावर नावं लिहितात. सगळीकडं सारखी राख आली, नख मारून साल दबली नाही आणि देठ वाळून तपकिरी झाला की काढायचा. देठ दोन बोटं ठेवून काढा, बुडाशी तोडला तर तिथनंच सडतो. असा पक्का कोहळा वाऱ्याशीर जागी चार-पाच महिने राहतो, त्यामुळं घाईनं सगळा संपवायची गरज नाही. मिसळकट्टेवाले विचारत होते खाणार कोण. सांडगे घाला. वीस किलोच्या कोहळ्याचे सांडगे घातले तर सगळ्या गल्लीला पुरतील. उडदाची डाळ भिजवून वाटायची, कोहळा किसून पाणी पिळून काढायचं, हिरवी मिरची आणि हिंग. पाणी फेकायचं नाही, त्यात पीठ मळायचं.

क्रेनचं मात्र ऐका. हुक देठाला लावायचा नाही, काहीही झालं तरी. देठ सुटला तर कोहळा खाली आणि तुमचे पाय त्याच्याखाली. दोन गोणपाटं शिवून झोळी करा, चारी कोपऱ्यांना दोर बांधा, आधी रिकामी झोळी टांगून काटा शून्यावर आणा, मग कोहळा ठेवा. अंगाला गोणपाट घासून राख जाते, तेव्हा फोटो आधी काढा.

बी माझ्याकडं आहे, मागच्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या फळाचं, राखेत घोळून ठेवलंय. लक्ष्मीपुरीत येऊन वडणग्याची कोहळेवाली म्हणून विचारा, कुणीही दाखवेल. अकराच्या आत या, नंतर मी नसतो.